अध्याहृत गोष्टी लिहून काढताना

डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याला आपला वाचक सहसा दिसत नाही. आपण लिहितो, पान कुठेतरी चढतं. पुढे कोणी ते नेटानं शेवटपर्यंत वाचलं की अर्ध्यावर सोडलं, कोणत्या ओळीवर अडलं, कशाचा भलताच अर्थ लावून भलतंच बटण दाबलं, यातलं काहीच परत येत नाही. फार तर एखादा प्रश्न येतो. मी बरीच वर्षं तांत्रिक लेखन करते आहे आणि या न दिसण्याची मला सवय झाली होती. आमच्या यंत्रविभागाची अंतर्गत टूल्स (सॉफ्टवेअरमधलं एकेक ठराविक काम करणारी फंक्शन्स) एआय एजंटला, म्हणजे साध्या भाषेतली विनंती वाचून ती टूल्स स्वतः वापरणाऱ्या प्रोग्रामला, जोडायचं ठरलं, त्यांची वर्णनं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मग ही स्थिती बदलली. माझं वाक्य वाचून वाचकानं पुढे काय केलं ते लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक कृतीच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, ओळीनं दिसायला लागलं. या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे मोजमापाची उपकरणं असतात: प्रेशर गेज, मल्टिमीटर, टॉर्क रेंच, तापमानाचे लॉगर. इंजिनिअर ती बुक करतात, नेतात, वापरून परत आणून देतात. मधूनमधून ती कॅलिब्रेशनला, म्हणजे त्यांची मापं किती अचूक आहेत ते तपासून घ्यायला, जातात. हे सगळं सांभाळणारं एक जुनं सॉफ्टवेअर आहे आणि आजवर माणसं ते स्क्रीनवरून वापरत होती. आता इंजिनिअरनं साध्या भाषेत म्हणावं, "पुढच्या आठवड्यात दहा बारपर्यंतचा, कॅलिब्रेशनची मुदत न संपलेला गेज मोकळा आहे का? असेल तर माझ्या नावावर बुक कर," आणि एजंटनं योग्य टूल्स योग्य क्रमानं वापरून ते करावं, अशी अपेक्षा होती. टूल्सची खरी नावं इंग्रजी आहेत. इथे मी त्यांना मराठी नावांनी हाक मारणार आहे.

एजंटला टूल दिसतं कसं, हे आधी नीट समजून घेतलं. जोडणीसाठी आम्ही मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरला. अँथ्रॉपिकनं तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला आणि पुढे इतर कंपन्यांनीही तो उचलला. त्यात सर्व्हर आपल्याकडच्या टूल्सची यादी देतो आणि प्रत्येकाबद्दल मुख्यतः तीन गोष्टी सांगतो: नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. ओपनएआयनं जून २०२३ मध्ये आपल्या एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या जोडणीत) मॉडेलला बाहेरची टूल्स वापरू देणारं फंक्शन कॉलिंग आणलं तेव्हाही हेच त्रिकूट होतं. कोणतं टूल कधी वापरायचं हे मॉडेल, म्हणजे एजंटमागचा एआय, ठरवतं ते एवढ्यावर. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही. स्क्रीनवर मुदत संपलेल्या यंत्राची ओळ लाल होते, तो रंग दिसत नाही. विकीवरची पानं कोणी मुद्दाम पुढ्यात ठेवली नाहीत तर त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आणि शेजारच्या टेबलाकडे वळून "अरे, हे फील्ड कशाचं आहे?" असं त्याला विचारता येत नाही. बहुतेक कंपन्यांचं अंतर्गत डॉक्युमेंटेशन त्या शेजारच्या टेबलाच्या भरवशावर उभं असतं.

सुरुवातीला हातात आलेली वर्णनं प्रोग्रामरांनी कोडमध्ये लिहिलेल्या कॉमेंटमधून उचललेली होती. एका टूलपुढे लिहिलं होतं, "यंत्राची माहिती मिळवते." दुसऱ्यापुढे, "यंत्राचा तपशील मिळवते." प्रोग्रामरांना ठाऊक होतं की पहिलं टूल कायमची नोंदवही वाचतं आणि दुसरं आजची स्थिती. वर्णनात त्याचा मागमूस नव्हता. आम्ही चाचणीच्या सर्व्हरवर एजंटला विचारलं, "हा गेज आत्ता कुठे आहे?" त्यानं नोंदवहीचं टूल वापरलं, त्यातलं 'लोकेशन' वाचलं आणि ठामपणे कपाटाचा क्रमांक सांगितला. ते लोकेशन म्हणजे यंत्र ठेवायची ठरलेली जागा. गेज तेव्हा दुसऱ्याच इमारतीत एका टेस्टला लागलेला होता. लॉग वाचताना मला एजंटचं कुठे चुकलं ते शोधून सापडेना. त्या वाक्यावरून कोणीही हाच अर्थ काढला असता.

नवं वर्णन असं झालं: "यंत्राचा नोंदवहीतला कायमचा तपशील देते: उत्पादक, मॉडेल, मोजमापाची मर्यादा, अचूकता, ठेवण्याची ठरलेली जागा. यंत्र आत्ता कोणाकडे आहे किंवा मोकळं आहे का, हे यातून कळत नाही. त्यासाठी 'यंत्राची सद्यस्थिती' वापरावं." बदलाचा परिणाम ताबडतोब दिसला, आणि तो मुख्यतः दुसऱ्या वाक्यानं घडवला होता. हे पुढे वारंवार अनुभवाला आलं. टूल काय करतं हे नावावरून थोडंफार उमगतंच. ते काय करत नाही आणि त्यासाठी कुठे जायचं, हे लिहिल्याशिवाय कोणत्याही मार्गानं कळत नाही. आता मी कोणतंही वर्णन लिहायला घेताना आधी शेजारच्या टूलचं वर्णन उघडते आणि दोघांमधली सीमारेषा लिहूनच सुरुवात करते.

खरी माहिती स्टोअरमध्ये होती. स्टोअरच्या इनचार्ज मॅडम अनेक वर्षं हे काम पाहतात. स्टेटस फील्डमध्ये येऊ शकणाऱ्या मूल्यांची यादी घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"मॅडम, 'होल्ड' म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे द्यायचं नाही."

"का द्यायचं नाही?"

"अगं, दोन कारणं असतात. एक तर कॅलिब्रेशनला जायच्या रांगेत असतं. नाहीतर कोणीतरी पाडलेलं असतं, किंवा रीडिंगवर शंका असते."

"मग यातलं कोणतं कारण आहे ते स्क्रीनवर कसं ओळखायचं?"

"ओळखायचं कशाला? मला माहीत असतं ना."

या दोन कारणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात यंत्रानं आतापर्यंत दिलेली रीडिंग्ज ठीक आहेत, फक्त मुदत जवळ आली आहे. दुसऱ्यात मागच्या चांगल्या कॅलिब्रेशनपासून त्या यंत्रानं घेतलेलं प्रत्येक माप संशयाच्या भोवऱ्यात येतं आणि ज्यांनी ती मापं वापरली त्यांना कळवावं लागतं. एखाद्या इंजिनिअरनं एजंटला "मी मागच्या महिन्यात वापरलेला गेज होल्डवर का आहे?" असं विचारलं तर उत्तर यातलं कोणतं आहे यावर पुढचं सगळं अवलंबून. मी वर्णनात "कारणासाठी शेरा पाहावा" असं लिहू शकत होते, पण शेऱ्याचा रकाना बहुतेक नोंदींत कोरा होता. शेवटी प्रश्न प्रोग्रामरांकडे नेला आणि होल्डची दोन वेगळी स्टेटस झाली. तेव्हापासून मी एक खूणगाठ बांधली आहे: वर्णन कितीही वेळा लिहिलं तरी जमत नसेल, तर भाषेशी झटापट थांबवावी आणि टूल उघडून पाहावं. तिथे काहीतरी ठरवायचं राहून गेलेलं असतं.

तारखांचंही तसंच. बुकिंगच्या टूलला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा लागतात. १४ तारखेपर्यंत बुकिंग म्हणजे १४ धरून की सोडून? स्क्रीनवरच्या कॅलेंडरमध्ये १४चा चौकोन रंगायचा, म्हणजे धरून. सर्व्हरच्या हिशेबात मात्र १४च्या मध्यरात्री, दिवस सुरू होतानाच, बुकिंग संपायचं. माणसं संध्याकाळी यंत्र परत आणायची, दुसऱ्या दिवशी पुढचा न्यायचा, त्यामुळे ही फट कोणाच्या लक्षात आली नव्हती. एजंटनं मात्र सर्व्हरचं म्हणणं प्रमाण मानून १४ तारखेला तेच यंत्र दुसऱ्याला देऊ केलं. चर्चा होऊन दोन्ही दिवस धरूनच, असं ठरलं, कोड बदलला, आणि वर्णनात ते वाक्य आलं. जिथे वेळही लागते तिथे आरएफसी ३३३९ या तारीख-वेळ लिहिण्याच्या इंटरनेट मानकातली पद्धत घेतली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ आणि शेवटी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचं अंतर. '०३-०४' ही तारीख एप्रिलची तीन की मार्चची चार, हा वाद या पद्धतीत उद्भवतच नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एककांवर, आणि तो जायलाच हवा होता. आमच्या शोधाच्या टूलला 'कमाल दाब' असा एक पॅरामीटर (टूलला द्यायचं मूल्य) होता, प्रकार: संख्या. बस्. बार की केपीए की पीएसआय? एक बार म्हणजे १०० केपीए आणि एक पीएसआय म्हणजे सुमारे ६.९ केपीए, म्हणजे '१०' या आकड्याचे तीन अर्थ होतात आणि तिन्ही अर्थांचे गेज आमच्या कपाटात आहेत. पण तेवढ्यानं भागत नाही. बार ठरलं तरी गेज प्रेशर की ॲब्सोल्यूट? पहिलं भोवतालच्या हवेच्या दाबापासून मोजतात, दुसरं निर्वातापासून. समुद्रसपाटीला दोघांत साधारण १.०१३ बारचा फरक पडतो. कमी मर्यादेच्या उपकरणाच्या बाबतीत एवढ्यानं सगळंच उलटंपालटं होतं. इंजिनिअर आपसात बोलताना नुसतं 'बार' म्हणतात, कारण समोरच्याला कामाची पार्श्वभूमी माहीत असते. मी पॅरामीटरचं नावच 'कमाल दाब बार गेज' असं करून घेतलं आणि ॲब्सोल्यूटसाठी वेगळा पॅरामीटर मागितला. वर्णन एखादे वेळी दुर्लक्षिलं जाईल. नाव मात्र टूलला कॉल करताना, म्हणजे ते चालवताना, लिहावंच लागतं.

या विषयावर बोलताना नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं उदाहरण हमखास निघतं. सप्टेंबर १९९९ मध्ये ते यान मंगळापाशी नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या बळाचा परिणाम पाउंड-सेकंदांत देत होतं आणि तो आकडा पुढे न्यूटन-सेकंद म्हणून वापरला गेला. सांगताना बहुतेक वेळा एक गोष्ट सुटते: इंटरफेसच्या दस्तऐवजात मेट्रिक एककं लिहिलेलीच होती. कागद बरोबर होता, सॉफ्टवेअर त्याप्रमाणे वागत नव्हतं. म्हणून आमच्या वर्णनातल्या प्रत्येक एककामागे एक छोटी चाचणी असावी असा मी आग्रह धरला: ज्याची मर्यादा ठाऊक आहे असं यंत्र मागवायचं आणि येणारा आकडा त्याच एककात आहे ना, हे सॉफ्टवेअरच्या दर नव्या बिल्डला तपासायचं.

ओळख-क्रमांकांचा मुद्दा त्यामानानं सोपा होता. प्रत्येक यंत्राला उत्पादकाचा सीरियल नंबर असतो आणि आमचा स्वतःचा ॲसेट नंबर. टूल्सना लागतो ॲसेट नंबर. इंजिनिअर प्रश्नात देतो सीरियल नंबर, कारण तोच यंत्रावर ठळक कोरलेला असतो. आधीच्या वर्णनात 'आयडी' एवढंच होतं. आता लिहिलं आहे की हा क्रमांक 'यंत्र शोधा' या टूलच्या उत्तरातून घ्यावा, अंदाजानं तयार करू नये. यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. वर्णनात नमुना म्हणून एक क्रमांक दिला होता, अगदी खऱ्यासारखा. प्रश्नात क्रमांक नसला की एजंट कधीकधी तोच नमुन्याचा क्रमांक घालून कॉल करायचा. नमुने उपयोगी असतात, ते द्यावेतच, पण नमुना सहज खरा वाटेल असा नसावा. आम्ही अक्षरांची आणि अंकांची रचना शब्दांत सांगितली आणि तो क्रमांक काढून टाकला.

कॅलिब्रेशनच्या मुदतीबाबत मला स्वतःला नवीन काही शिकायला मिळालं. एजंट "हे यंत्र कधीपर्यंत वैध आहे?" याचं उत्तर शोधायला प्रमाणपत्र उघडायचा आणि तिथे मुदत न सापडल्यानं गोंधळायचा. मी मॅडमना विचारलं की प्रमाणपत्रावर पुढची तारीख का नसते. त्यांनी सांगितलं की ती नसणंच नियमाला धरून आहे. कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे, ग्राहकाशी तसं ठरलेलं नसेल तर प्रमाणपत्रावर पुढच्या कॅलिब्रेशनच्या कालावधीची शिफारस करायची नसते. मुदत ठरवतो वापरणारा, म्हणजे आमचा विभाग, यंत्र किती आणि कसं वापरलं जातं ते पाहून. म्हणजे 'ड्यू डेट' येते आमच्या वेळापत्रकातून, आणि प्रमाणपत्र सांगतं की अमुक दिवशी यंत्र किती चुकत होतं. हे दोन ओळींत दोन्ही टूल्सच्या वर्णनात गेलं. ड्यू डेटच्या दिवशी यंत्र वापरता येतं की नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं: येतं.

त्यानंतर एररचे संदेश. याकडे डॉक्युमेंटेशन म्हणून कोणी पाहत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण वाचक खऱ्या अर्थानं लक्ष देऊन वाचतो तो मजकूर हाच. युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच 'डायग्नॉस्टिक्स' आणि 'बग्ज' असे स्वतंत्र भाग होते. आमचं सॉफ्टवेअर बहुतेक चुकांना एकच उत्तर द्यायचं: कोड ४००, "अवैध विनंती". माणूस अशा वेळी वैतागून स्टोअरला फोन करतो. एजंट तोच कॉल थोडाथोडा बदलून पुन्हा पुन्हा करत राहायचा, आणि लॉगमध्ये ती केविलवाणी मालिका वाचवत नसे. आम्ही प्रत्येक संदेशात तीन गोष्टी आणल्या: काय अडलं, पुढे काय करता येईल आणि हीच विनंती पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे का. उदाहरणार्थ: "हे यंत्र १२ ते १४ या काळात दुसऱ्याच्या नावावर आहे. याच मर्यादेची मोकळी यंत्रं 'यंत्र शोधा' वापरून पाहता येतील. तारखा न बदलता पुन्हा विनंती केल्यास हेच उत्तर येईल." प्रोटोकॉलमध्येही याची सोय आहे. टूल चालताना आलेली अडचण उत्तराच्या आतच, चुकीची खूण लावून, परत देता येते, म्हणजे ती मॉडेलपर्यंत पोचते आणि त्याला मार्ग बदलता येतो.

एररपेक्षाही घातक होती रिकामी यादी. काही उपकरणं ठराविक गटांनाच दिसतात. परवानगी नसलेल्या माणसाच्या वतीनं शोध घेतला की टूल काही न बोलता रिकामी यादी द्यायचं आणि एजंट सांगायचा, "असं उपकरण आपल्याकडे नाही." सापडलं नाही, पाहायची परवानगी नाही आणि शोधच पूर्ण झाला नाही, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. ती वेगळी करून घ्यायला प्रोग्रामरांशी बरीच घासाघीस करावी लागली, कारण लपवलेल्या यंत्रांचं अस्तित्वही कळू नये असं सुरक्षेच्या बाजूनं काहींचं म्हणणं होतं. शेवटी "तुम्हाला दिसू शकणाऱ्या यंत्रांमध्ये जुळणारं यंत्र सापडलं नाही" हे वाक्य दोघांनाही पटलं. ते खरंही आहे आणि काही उघडही करत नाही.

पण सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती टूलच्या आडून होणाऱ्या परिणामांची. 'बुकिंग रद्द करा' याचं वर्णन होतं, "बुकिंग रद्द करते." प्रत्यक्षात रद्द केलं की प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला यंत्र आपोआप मिळतं आणि त्याला मेल जातो. चाचणीत आम्ही एजंटला एक बुकिंग दोन दिवस पुढे वाढवायला सांगितलं. मुदत वाढवायचं वेगळं टूल होतं, पण त्याचं वर्णन इतकं मोघम होतं की एजंटनं त्याला हातच लावला नाही. त्यानं बुकिंग रद्द केलं आणि नव्या तारखांनी पुन्हा मागितलं. तेवढ्यात यंत्र प्रतीक्षायादीतल्या माणसाकडे गेलं होतं. खऱ्या सर्व्हरवर हे झालं असतं तर एखाद्या इंजिनिअरची ऐन टेस्टच्या मधोमध अडचण झाली असती. आता रद्द करण्याच्या वर्णनाची सुरुवातच परिणामांनी होते: यंत्र लगेच पुढच्या माणसाला दिलं जातं, मेल जातो, हे मागे घेता येत नाही, तारखा बदलण्यासाठी हे टूल वापरू नये.

टाइमआउटचाही असाच प्रश्न. बुकिंगचा कॉल सर्व्हरपर्यंत पोचतो, काम होतं, पण उत्तर परत येत नाही. मग पुन्हा कॉल केला तर दोन बुकिंग्ज होतात का? आमच्याकडे व्हायची. आता प्रत्येक विनंतीबरोबर एक खास क्रमांक पाठवतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर आधीचंच उत्तर मिळतं. वर्णनात त्यामुळे निःशंकपणे लिहिता आलं की उत्तर न आल्यास त्याच क्रमांकानं पुन्हा विनंती करणं सुरक्षित आहे.

प्रोटोकॉलमध्ये अशा गोष्टींसाठी खुणाही आहेत: टूल फक्त वाचतं का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर जास्तीचा परिणाम होतो का. काहीच लिहिलं नाही तर टूल बदल करणारं आणि विध्वंसक असू शकतं असंच गृहीत धरलं जातं, आणि हे मला योग्य वाटतं. मात्र त्या केवळ सूचना आहेत. "रद्द करण्यापूर्वी वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी" हे वाक्यही सूचनाच. वाक्यानं कुलूप लागत नाही. ज्या कृतीला माणसाचा होकार हवाच, तिथे तो होकार कोडनं मागितला पाहिजे, आणि एजंटच्या खात्याला जेवढं लागतं तेवढेच अधिकार दिले पाहिजेत. चांगलं लिहून सुरक्षितता येईल, असं समजणाऱ्यांशी मी या कामात सर्वांत जास्त वाद घातला.

शेऱ्याच्या रकान्यानं हीच गोष्ट उलट बाजूनं दाखवली. एका मल्टिमीटरच्या जुन्या नोंदीत कोणीतरी लिहून ठेवलं होतं, "हे कोणालाही देऊ नका, आधी मला फोन करा." लिहिणाऱ्याचं काम केव्हाच संपलं होतं. एजंटनं मात्र ती सूचना स्वतःला उद्देशून आहे असं समजून बुकिंग नाकारलं. हेतू निरुपद्रवी होता. पण कोणी वाईट हेतूनं त्याच रकान्यात काही लिहिलं तर तेही याच वाटेनं आत येईल. आता शेरे लिहिणाऱ्याच्या विभागासह आणि तारखेसह वेगळ्या फील्डमध्ये येतात, आणि वर्णन सांगतं की तो माणसांनी लिहिलेला मजकूर आहे, वापरणाऱ्याला दाखवावा, आदेश म्हणून पाळू नये. अधिकारांची मर्यादा त्याच्या मागे आहेच.

एव्हाना वर्णनं फुगली होती. प्रत्येक अडचणीला एक वाक्य जोडत गेलं की असं होतंच. काही ठिकाणी कोणी "अत्यंत महत्त्वाचे" असंही लिहून ठेवलं होतं, आणि एकाच वर्णनात ते चार ठिकाणी आलं की त्यातलं कोणतंच महत्त्वाचं राहत नाही. टूल्सची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात, जागा घेतात. प्रश्न एका ओळीचा आणि त्याच्याआधी टूल्सचा पोथीएवढा मजकूर, अशी स्थिती आली. मी एकेक वाक्य काढून चाचणी चालवत गेले. ज्याच्या जाण्यानं काही बिघडलं नाही ते गेलं. काही ठिकाणी दोन टूल्सची सीमारेषा समजावून सांगण्यापेक्षा ती टूल्स एकत्र करणंच शहाणपणाचं ठरलं. उत्तरंही छाटली: यंत्राच्या इतिहासाचं टूल सगळ्या वर्षांची सगळी रीडिंग्ज ओतायचं, आता पानापानानं देतं आणि शेवटी स्पष्ट म्हणतं की अजून नोंदी शिल्लक आहेत. ते म्हटलं नाही तर पहिलं पान म्हणजेच सगळा इतिहास, असा समज होतो.

चाचणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं. प्रश्न आम्ही रचले नाहीत. इंजिनिअरांनी स्टोअरला पाठवलेल्या जुन्या मेलमधून नावं काढून घेतले. अर्धवट, घाईत लिहिलेले, सीरियल नंबरात एखादा अंक चुकलेले. प्रत्येकाचं बरोबर उत्तर स्टोअरच्या लोकांनी लिहून दिलं. मॉडेलचं वागणं दर वेळी तंतोतंत सारखं नसतं, म्हणून एकच प्रश्न अनेकदा विचारायचा आणि एकाहून अधिक मॉडेलना विचारायचा. काही प्रश्न बाजूला ठेवले होते. वर्णनं सुधारताना ते पाहायचे नाहीत, शेवटीच वापरायचे. नाहीतर आपण नकळत त्या ठराविक प्रश्नांपुरतीच वाक्यं घडवत बसतो. एजंटला "तू हे टूल का निवडलंस?" असं विचारायचा मोह मलाही व्हायचा. उत्तर छान, मुद्देसूद यायचं, पण प्रत्यक्ष कॉलशी ते जुळेलच असं नसे. म्हणून मी कॉलच वाचायचे: कोणतं टूल, कोणते आकडे, कोणत्या क्रमानं.

वर्णनं आता कोडबरोबर एकाच ठिकाणी राहतात. कोड बदलला आणि वर्णन तसंच राहिलं तर रिव्ह्यूमध्ये अडवतात. नवीन येणारे टेक्निशियन स्क्रीनची जुनी मार्गदर्शिका बाजूला ठेवून हीच वर्णनं वाचतात, असं मॅडमनी सांगितलं, आणि मला फार आनंद झाला.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. इंजिनिअर एजंटला हटकून विचारतात, "हा गेज माझ्या टेस्टला चालेल का?" काही जणांचं म्हणणं आहे की उपकरणाची अचूकता टॉलरन्सच्या (मापात चालू शकणाऱ्या फरकाच्या) चौपट चांगली हवी, हा प्रचलित नियम टूलमध्येच घालावा आणि हो किंवा नाही असं उत्तर द्यावं. अनुभवी लोक म्हणतात की तो ठोकताळा आहे; कुठे त्याहून जास्त लागतं, कुठे कमी चालतं, आणि ते टेस्टची जबाबदारी असलेल्यानंच ठरवायचं असतं. मी दुसऱ्या बाजूची आहे. यावर निर्णय होईपर्यंत त्या टूलच्या वर्णनाचा शेवट असा आहे: "हे टूल मर्यादा, अचूकता, ड्यू डेट आणि शेवटच्या प्रमाणपत्रातली प्रत्येक बिंदूवरची त्रुटी देते. यंत्र एखाद्या चाचणीला योग्य आहे की नाही हे ठरवत नाही. हे आकडे चाचणीच्या जबाबदार इंजिनिअरला द्यावेत आणि निर्णय त्याच्यावर सोडावा."